ज्यांचा जीव थोडा झाला आहे



आपल्या मंडळीत नेहमी ठरावीक बाकावर बसणारी एखादी व्यक्ती गेले काही रविवार उपासनेला आलेली नाही, असे आपल्या ध्यानात येते. चौकशी केल्यावर कळते की तिचे मन ठिकाणावर नाही. ती कोणाशी बोलत नाही, जेवत नाही, रात्र रात्र जागी असते. मग पाळकसाहेब किंवा वडील मंडळींपैकी दोघे-तिघे घरभेटीस निघतात. हाती पवित्र शास्त्र असते, अंतःकरणात सद्‌हेतू असतो. आणि पुष्कळदा दाराची कडी वाजविण्यापूर्वीच मनात एक निदानही तयार असते. ते निदान असे की, जेथे विश्वास आहे तेथे निराशा असू शकत नाही. आणि जेथे निराशा आहे तेथे विश्वासात कोठेतरी खोट असलीच पाहिजे.

हे निदान खरे आहे काय? विश्वासी माणसाची निराशा हे पाप आहे काय? आणि ते नसताना आपण तिला पाप ठरविले, तर पाप कोणाचे? ह्या प्रश्नाचा विचार मी आपल्याबरोबर करू इच्छितो. तो मला पुस्तकांतून सुचलेला नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने तो माझ्यापुढे उभा केला.

पुष्कळ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी महाराष्ट्राबाहेर एका रेल्वेच्या गावी राहत होतो. तेथे आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची लहानशी मंडळी होती. त्यांतील एक तरुण भगिनी दुसऱ्या बाळंतपणानंतर अगदी कोमेजून गेली. मूल रडले तरी ती भिंतीकडे पाहत बसे. प्रार्थना छताच्या वर जात नाही, असे ती नवऱ्याजवळ म्हणाली होती. आम्ही तिघे वडील तिला भेटावयास गेलो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातून सर्वदा आनंद करण्याविषयीचा भाग मी वाचून दाखविला, आणि कोठे एखादे गुप्त पाप राहून गेले आहे काय याची तिने परीक्षा करावी, असे सुचविले. तिने सर्व ऐकून घेतले. आमच्यासाठी चहा केला. आम्ही प्रार्थना करून समाधानाने घरी परतलो.

पुढे तिची थोरली बहीण सोलापूरहून आली आणि तीन महिने राहिली. तिने काही उपदेश केला नाही. रात्री मूल आपल्याजवळ घेतले, धाकटीला झोपू दिले, ऊन ऊन भाकरी समोर ठेवली आणि तिला दवाखान्यात नेले. हळूहळू ती सावरली. बाळंतपणानंतर येणारी अशी खिन्नता हा एक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे आज पुष्कळांस ठाऊक आहे. त्या वेळी मला ते ठाऊक नव्हते. वर्षभराने ती स्वतःच मला म्हणाली, "काका, तुम्ही गेल्यावर दोन महिने मी बायबल उघडलं नाही. देव दूर गेलाय असं मला आधीच वाटत होतं. तुम्ही सांगितलंत की तो खरंच दूर गेलाय, आणि तो माझ्यामुळं."

वाचकहो, मी तिला खोटे असे काहीच सांगितले नव्हते. वाचलेले वचन खरे होते. आत्मपरीक्षा करणेही योग्यच. मग खरी वचने वाचूनही मी देवाविषयी खोटी साक्ष दिली, हे कसे घडले?

ह्याचे उत्तर मला प्रेषित पौलाच्या एका वाक्यात सापडले. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, अध्याय ५, वचन १४. तेथे पौल तीन प्रकारच्या माणसांसाठी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. जे अव्यवस्थित वागतात त्यांना ताकीद द्यावी; जे अल्पधीराचे आहेत त्यांना धीर द्यावा; जे अशक्त आहेत त्यांना आधार द्यावा. आणि अखेरीस, सर्वांशीच सहनशीलतेने वागावे. तीन दुखणी आणि तीन औषधे! एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर काय होईल, हे सांगावयास वैद्याची आवश्यकता नाही.

मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले म्हणजे हा भेद अधिक उघड होतो. 'अव्यवस्थित' ह्यासाठी जो शब्द आहे तो रांग सोडून चालणाऱ्या शिपायाला लावीत असत. त्याला रांगेत आणण्यासाठी ताकीदच हवी. परंतु दुसरा शब्द आहे 'ऑलिगोप्सुखॉस'. 'ऑलिगॉस' म्हणजे थोडा आणि 'प्सुखे' म्हणजे जीव. ज्याचा जीव थोडा झाला आहे असा मनुष्य! आपल्या मराठीत काळजीने खंगणाऱ्या आईविषयी आपण हेच म्हणतो की, तिचा जीव थोडा थोडा होतो. अशा माणसासाठी पौल जे क्रियापद योजितो त्याच्या घडणीतच जवळ असणे आणि बोलणे ह्या दोन कल्पना आहेत. शेजारी बसून समजुतीचे शब्द बोलावेत, असा त्याचा भाव. आणि अशक्तांसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ घट्ट धरून राहणे असा आहे. अशक्ताला नुसता मार्ग दाखवून भागत नाही. त्याचा हात धरावा लागतो.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. बाराव्या व तेराव्या वचनांत पौल मंडळीच्या पुढाऱ्यांविषयी बोलतो. चौदाव्यात मात्र तो सर्व बंधुजनांस उद्देशून बोलत आहे. म्हणजे हे काम केवळ पाळकांचे नव्हे. ते तुमचे आणि माझे आहे.

आपल्या काळात शास्त्राधारित समुपदेशनाची जी चळवळ झाली तिचा आरंभ अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पाळक जे अ‍ॅडम्स यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'कॉम्पिटंट टू कौन्सेल' ह्या ग्रंथाने झाला, असे मानतात. मनाच्या दुःखात असलेल्या विश्वासी माणसाला मंडळीने सरसकट तज्ज्ञांच्या हवाली करून मोकळे होऊ नये, देवाच्या वचनात त्याच्यासाठी पुरेसे सामर्थ्य आहे, हा त्यांचा आग्रह होता; आणि त्यासाठी आपण त्यांचे ऋणी असावे. परंतु आपल्या पद्धतीला त्यांनी जे नाव दिले ते 'ताकीद देणे' ह्या पहिल्या क्रियापदावरून घेतलेले होते. पुढे त्याच परंपरेतील डेव्हिड पॉलिसन यांच्यासारख्या लेखकांनी दुःखभोगाकडे आणि ऐकण्याकडे अधिक लक्ष वेधले. मनुष्य पापी आहे हे जितके खरे, तितकेच तो दुःख सोसणाराही आहे हे खरे. एका सत्याने दुसरे झाकू नये.

आता इयोबाच्या पुस्तकाकडे वळू. इयोबाच्या तिघा मित्रांना आपण सहसा दोष देतो; पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्यांनी केले ते आपल्यापैकी कितीजण करतील? ते दूरवरून आले, मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलला नाही. त्या सात दिवसांत ते खरे सांत्वनकर्ते होते. त्यांनी तोंड उघडले ते इयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिल्यावर. ते शब्द त्यांना सोसवले नाहीत. देवाची बाजू सांभाळणे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटले.

त्यांचे सिद्धांत वाईट होते काय? मुळीच नाही. अलीफजाच्या भाषणातील एक वाक्य (इयोब ५:१३) पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, ३:१९ मध्ये, शास्त्रवचन म्हणून घेतले आहे. तरीही अखेरच्या अध्यायात परमेश्वर त्याच अलीफजाला म्हणतो की, तुझ्यावर व तुझ्या दोघा मित्रांवर माझा कोप भडकला आहे, कारण माझा सेवक इयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. ज्याने आक्रोश केला, देवाला जाब विचारला, तो यथार्थ बोलला. आणि ज्यांनी देवाचे समर्थन केले त्यांना सात गोऱ्हे व सात मेंढे घेऊन, इयोबाने आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून, त्याच्याच दारी जावे लागले!

येथे माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. खरे वाक्य चुकीच्या माणसाला लावले की ते खोटे होते. औषध तेच असले तरी दुसऱ्याच रोग्याच्या पोटात गेले तर ते विष ठरते. आणि दुःखिताजवळ बसून आपण जे बोलतो ते नुसते त्याच्याविषयीचे मत नसते. देव कसा आहे ह्याविषयीची ती साक्ष असते. म्हणून चुकीचे सांत्वन हा केवळ अडाणीपणा नव्हे. ती शेजाऱ्याविरुद्ध आणि देवाविषयीही दिलेली खोटी साक्ष आहे.

मग आपण तसे का बोलतो? इयोबाने आपल्या मित्रांचे मन अचूक ओळखले होते. सहाव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात तो त्यांना म्हणतो की, तुम्ही माझी विपत्ती पाहून घाबरला आहात. हेच खरे कारण आहे. निर्दोष माणसाला असे दुःख होऊ शकत असेल तर ते मलाही होऊ शकेल. परंतु त्याच्या दुःखाच्या मुळाशी त्याचा दोष सापडला, तर मी सुरक्षित! त्या दिवशी मी आमच्या भगिनीच्या घरून समाधानाने परतलो असे वर लिहिले आहे. त्या समाधानाचा आज विचार करतो तेव्हा लाज वाटते. सांत्वन करावयास मी तिचे गेलो होतो; करून आलो माझे.

येथे कोणी विचारील की, पापामुळे मन खचत नाही काय? निश्चित खचते. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद सांगतो की, पाप न कबूल करता गप्प राहिल्याने त्याची हाडे जीर्ण झाली. अशा वेळी नुसते कुरवाळणे हेही खोटी साक्ष देणेच होय. तेथे नाथान संदेष्टाच हवा. परंतु नाथानाला तरी कोणी पाठविले होते? परमेश्वराने. आणि त्याने आरोपाने आरंभ केला नाही; गरीब माणसाच्या एका कोकरीची गोष्ट सांगितली आणि न्याय दाविदाच्याच तोंडून वदविला. आपण मात्र बहुधा कोणी न पाठविताच, आणि गोष्ट ऐकण्यापूर्वीच, निकाल देतो.

मग समोरचा मनुष्य रांग सोडणारा आहे, की जीव थोडा झालेला, की अशक्त, हे ओळखावे कसे? ऐकून. दुसरा मार्ग नाही. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हे मूर्खपण व लज्जास्पद आहे असे नीतिसूत्रे १८:१३ मध्ये म्हटले आहे. ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही, ग्रीक येत नाही, मोठे व्याख्यान देता येत नाही, त्यालाही ऐकता येते. आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना तर ह्याचे मोल अधिक ठाऊक असावे. परप्रांतात व्यवहार हिंदीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत चालतो. परंतु रडू येते ते मातृभाषेत. बदलीच्या गावी एका घरात मराठीतून मन मोकळे करण्याची जागा असणे, ही लहान सेवा नव्हे.

देव स्वतः खचलेल्या माणसाशी कसा वागतो, हे पाहावयाचे असेल तर १ राजे, अध्याय १९ उघडावा. कर्मेलावर विजय मिळविणारा एलीया ईजबेलीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. त्याला ताकीद मिळाली काय? प्रथम झोप मिळाली. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठविले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा निजला. पुन्हा स्पर्श, पुन्हा अन्न. आणि वाट तुला फार अवघड आहे, ही कबुली. होरेबावर पोहोचल्यानंतर देवाने प्रश्न विचारला, आणि तोही उत्तर ठाऊक असताना, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा एलीयाने आपले तेच गाऱ्हाणे शब्दाला शब्द सांगितले आणि देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतले. त्यानंतर त्याला काम दिले, अलीशा नावाचा सोबती दिला, आणि अगदी शेवटी त्याची समजूत दुरुस्त केली की, तू एकटा उरलेला नाहीस, अजून सात हजार आहेत. सत्य सांगितले गेलेच; पण ते भाकरीनंतर, झोपेनंतर आणि ऐकण्यानंतर. सोलापूरहून आलेल्या त्या बहिणीने हा अध्याय वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही. ती त्याप्रमाणे वागली, एवढे खरे.

दवाखान्यात जाणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे अजूनही काहींना वाटते. हिज्कीया राजाला बरे करण्याचे आणि पंधरा वर्षांचे आयुष्य वाढविण्याचे वचन देवाने स्वतः दिले होते; तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी बांधावयास सांगितली. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. आपल्याच देशात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५० च्या दशकात मनोरुग्णांसाठी केंद्र उघडले, तेव्हा रोग्याबरोबर त्याच्या घरच्या माणसानेही तेथे राहावे, अशी रीत घातली. औषध आणि सोबत ही तेथे एकमेकांची वैरी नव्हती. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बंधूला आपण पश्चात्ताप करावयास सांगत नाही. मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्यालाही सांगू नये.

ह्या बाबतीत देशाचा कायदाही बदलला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य पूर्वी गुन्हेगार ठरे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हा म्हणून ठेवलेला नाही. शिक्षेऐवजी काळजी हवी, हे सरकारला कळले. कृपेची सुवार्ता सांगणाऱ्या मंडळीला ते कळावयास नको काय?

म्हणून पुढील घरभेटीपूर्वी आपण काही गोष्टी ध्यानात ठेवू या. जाताना निदान घेऊन जाऊ नये. जमल्यास डबा घेऊन जावे. वचन अवश्य वाचावे, परंतु आधी ऐकावे. आणि जे वाचू ते समोरच्याच्या स्थितीला शोभणारे असावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आपल्या शास्त्रात आहे. ते अंधारातच संपते, त्याला स्तुतीचा शेवट नाही. तरी ती प्रार्थनाच आहे, आणि देवाच्या लोकांनी ती आपल्या गीतांत जपून ठेविली. लक्ष्मीबाई टिळकांनीही 'स्मृतिचित्रे'त टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतरचा आपला आकांत लपविला नाही. म्हणूनच ते पुस्तक आजही घरचे वाटते. कोणी आपल्याजवळ रडला तर ते रडणे 'प्रार्थनेचा विषय' म्हणून चारचौघांत नेऊ नये. आणि एकदा भेटून कर्तव्य संपले असे मानू नये. धरून राहणे हे एका दुपारचे काम नव्हे.

आता अखेरचे दोन शब्द, हे वाचणाऱ्या त्या बंधुभगिनींसाठी, ज्यांचा स्वतःचाच जीव आज थोडा झाला आहे.

प्रिय मित्रा, प्रिय भगिनी, तुमच्या घरी कोणी येऊन गेले असेल आणि त्यांच्या शब्दांनी तुम्हाला अधिकच दूर लोटले असेल, तर त्यांच्या वतीने मी क्षमा मागतो. तुमची खिन्नता हा देवाने तुम्हाला टाकल्याचा पुरावा नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता, आणि तो निष्पाप होता. त्या रात्री त्याने आपल्या तिघा मित्रांकडे स्पष्टीकरण मागितले नाही. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले, आणि तेवढेही त्याला मिळाले नाही. त्यामुळे एकटे जागणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. लाजराच्या कबरेपाशी, तो उठणार हे ठाऊक असतानाही, तो रडला. ज्याच्याजवळ उत्तर होते त्यानेही आधी अश्रू ढाळले.

आज प्रार्थना सुचत नसेल तर तसेच सांगा. तीही प्रार्थना आहे. थोडे जेवा, झोपण्याचा प्रयत्न करा, विश्वासातल्या एका माणसाला खरे काय ते सांगा. वैद्याकडे जावयास लाजू नका. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर ही रात्र एकट्याने काढू नका. शेजारच्या माणसाला हाक मारा, किंवा १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करा. 'टेलीमानस' ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

आणि आपण, ज्यांचा जीव आज शाबूत आहे, त्यांनी त्या रिकाम्या बाकाकडे पुन्हा एकदा पाहावे. तेथे बसणारी व्यक्ती कोण, तिचे नाव काय, हे आपल्याला ठाऊक आहे. ह्या आठवड्यात तिच्याकडे जावे, आणि ती बोलेपर्यंत बसून राहावे. आपल्या तोंडून देवाविषयी यथार्थ तेच निघावे. आणि ते सुचत नसेल तेव्हा, अलीफजाप्रमाणे सात दिवस गप्प बसण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.